भिंतीवरून रद्दीत गेलेला इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरे एवढीच नावे सामान्यतः डोळ्यांपुढे येतात. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई यांच्यासारख्या संशोधकांनी वाड्यावाड्यांतील रुमाल सोडून कागद वाचले आणि कागदाचा जुना कपटाही टाकून देऊ नये, ही शिकवण महाराष्ट्राला दिली. परंतु ही दृष्टी मोडी कागदापुरतीच मर्यादित राहिली. विसाव्या शतकात जो कागद हजारोंच्या संख्येने छापला गेला, खळ लावून भिंतीवर डकवला गेला आणि पंधरवड्यात पावसाने ओघळून वा दुसऱ्या कागदाखाली दडपून नाहीसा झाला, त्या चित्रपटाच्या पोस्टराला दस्तऐवज मानण्याचे कोणाला फारसे सुचले नाही. त्याचे आयुष्यच अल्प, मग त्याचे जतन कशाला, असा हा सरळ हिशेब होता. तो हिशेब किती महागात पडला आहे, हे आता हळूहळू ध्यानात येऊ लागले आहे.

भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निर्माण झाले, असा अंदाज आहे. त्यांपैकी पूर्ण वा तुटक स्वरूपात आज उपलब्ध आहेत ते जेमतेम तीसच्या घरातले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेला पहिला बोलपट ‘आलम आरा’ही आज पाहावयास मिळत नाही. उरली आहेत ती काही छायाचित्रे आणि जाहिरातीचे साहित्य. चित्रपट गेला आणि जाहिरात उरली, अशी ही विलक्षण स्थिती आहे. तेव्हा पोस्टर ही चित्रपटाची केवळ पुरवणी नव्हे. अनेक बाबतींत मूळ ग्रंथ हरवल्यावर हाती उरलेले ते एकमेव पान आहे.

दगडापासून पडद्यापर्यंत

या पोस्टराची वंशावळ थेट देवादिकांच्या तसबिरींपर्यंत जाऊन पोहोचते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ यांच्या साहाय्याने छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी घरोघरी भिंतीवर लागल्या. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड घ्यावा लागे, त्यावर चित्र उलटे उमटवावे लागे आणि सारे रंग एकमेकांवर अचूक बसवावे लागत. याच छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ काढला व तो ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटाचा जनक चित्रकला आणि मुद्रण या दोन्ही विद्या शिकून आला होता, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. ज्या प्रेक्षकाला पौराणिक प्रसंग रंगीत कागदावर पाहण्याची सवय लागली होती, तोच प्रेक्षक पडद्यावर तेच प्रसंग हलताना पाहण्यास गेला.

पोस्टरकलेचा खरा संसार मात्र कोल्हापुरात मांडला गेला. कारागिरांच्या मेस्त्री घराण्यात १८९० साली जन्मलेले बाबूराव पेंटर हे आपले बंधू आनंदराव यांच्यासह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढल्यानंतर १९२० साली त्यांनी ‘सैरंध्री’ प्रदर्शित केला. चित्रीकरणापूर्वी पात्रे व वेशभूषा यांची रेखाटने करणारा हा दिग्दर्शक आपल्या चित्रपटांची पोस्टरेही स्वतः रंगवी. त्यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे उपलब्ध भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी सर्वांत जुने मानले जाते. नाटकाच्या पडद्यावरील छायाप्रकाश, तसबिरीतील ठसठशीत आकृती आणि शिवकालाविषयीचा अभिमान या तिन्ही प्रवाहांचा संगम या परंपरेत झाला. याच कंपनीतून बाहेर पडून दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने १९२९ साली ‘प्रभात’ची स्थापना केली. फत्तेलाल तर मुळात चित्रकारच होते. मराठी चित्रपटाच्या सौंदर्यदृष्टीचा पाया कुंचल्याने घातला गेला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

समाजाचा आरसा, पण रंगीत

या कागदांतून समाज कसा दिसतो? फाळक्यांच्या तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण त्या काळी एकही स्त्री कॅमेऱ्यापुढे उभी राहण्यास तयार झाली नाही. पुढे अवघ्या अठरा वर्षांत परिस्थिती कशी पालटली आणि कोठे पालटली नाही, याचा दाखला जाहिरातींतच सापडतो. १९३१ साली दुर्गाबाई खोटे ‘फरेबी जाल’ या चित्रपटात लहानशा भूमिकेत झळकल्या, तेव्हा निर्मात्याने त्यांच्या अभिनयापेक्षा त्यांच्या माहेर-सासरच्या प्रतिष्ठेची जाहिरात केली. प्रतिष्ठित घरातील स्त्री पडद्यावर येते, हेच मुळी विक्रीचे कारण होते. त्या चित्रपटामुळे त्यांच्या वाट्याला टीका व मनस्ताप आला. परंतु १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मधील तारामती त्यांनी साकारली आणि चित्र बदलले. एका तारामतीपासून दुसऱ्या तारामतीपर्यंतचा हा प्रवास म्हणजे महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्गाच्या संकोचाचा आणि त्या संकोचाच्या पराभवाचा इतिहास होय.

भाषेचे राजकारणही पोस्टरावर स्वच्छ उमटले आहे. मुंबईत तयार होणाऱ्या हिंदी चित्रपटांच्या जुन्या पोस्टरांवर नाव रोमन, देवनागरी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत असे. फाळणीनंतरही कित्येक वर्षे ही पद्धत टिकली. पुढे उर्दू अक्षरे कोपऱ्यात गेली, मग बहुधा अदृश्य झाली, आणि आता तर देवनागरीवरही तीच पाळी आलेली दिसते. कोणत्या लिपीला किती इंच जागा द्यावयाची, हा निर्णय वितरकाने घेतला असेल. पण त्यामागे वाचणारा कोण आणि तिकीट काढणारा कोण, याचा अचूक अंदाज होता. एरवी जनगणनेच्या कोष्टकांतून जे शोधावे लागते, ते येथे एका दृष्टिक्षेपात दिसते.

अर्थकारणाचेही असेच आहे. १९५७ सालच्या ‘मदर इंडिया’च्या पोस्टरावर नांगर ओढणारी स्त्री ही नवस्वतंत्र देशाची प्रतिमा झाली. १९७५ साली ‘दीवार’ आला तेव्हा शेत जाऊन गोदी आली होती आणि कष्टाची जागा संतापाने घेतली होती. जे. जे. कलाशाळेत शिकलेले दिवाकर करकरे यांनी रंगाचे जाड थर सुरीने थापून तो संताप कागदावर उतरविला. चेहऱ्यांची गुळगुळीत त्वचा जाऊन तेथे खडबडीत, तापलेला रंग आला. चित्रणशैलीत झालेला हा बदल केवळ कलावंताच्या लहरीचा नव्हता. त्या दशकातील महागाई, बेकारी आणि अस्वस्थता यांनाच तो रंग चढला होता.

तथापि या साधनाचा वापर सावधपणेच केला पाहिजे. पोस्टर हे साक्षीदार असले तरी ते पैसे घेऊन साक्ष देणारे साक्षीदार आहे. समाज कसा होता हे ते सांगत नाही. समाजाला काय पाहावेसे वाटेल, याविषयी विक्रेत्याची काय समजूत होती, एवढेच ते सांगते. शिवाय जुना चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना नवे पोस्टर काढण्याची प्रथा होती, आणि मधल्या काळात एखादा दुय्यम नट नामवंत झाला असल्यास त्याचा चेहरा मोठा करण्यात येई. असे पोस्टर मूळचे समजून चालणारा अभ्यासक फसल्यावाचून राहणार नाही. साहजिकच कागद, छपाईची रीत, लिपी आणि मुद्रकाचे नाव तपासल्याखेरीज त्याचा काळ ठरविता येत नाही.

नाव मुद्रकाचे, चित्रकाराचे नव्हे

मुद्रकाच्या नावावरून एक कटू सत्य समोर येते. छापील कागदावर मुद्रकाचे नाव व ठिकाण असलेच पाहिजे, असे बंधन १८६७ च्या छापखानाविषयक कायद्याने घातले होते. राज्यकर्त्यांना आक्षेपार्ह मजकुराचा माग काढता यावा, हा त्यातील हेतू. चित्रकाराचे नाव घालण्याची सक्ती कोणी केली नाही. परिणामी तळाशी बारीक अक्षरांत छापखाना सापडतो, पण ज्याने चित्र काढले तो बहुधा अनामिकच राहतो. हुसेन यांनी तरुणपणी मुंबईत चित्रपटांचे फलक रंगविले, हे सर्वांना ठाऊक आहे, कारण ते पुढे हुसेन झाले. कोल्हापूरच्या जी. कांबळे यांचे नाव ‘मुघल-ए-आझम’च्या भव्य फलकांमुळे आणि शिवछत्रपतींच्या चित्रामुळे टिकले. नाटकांच्या जाहिरातींतील देवनागरी अक्षराला स्वतःचा स्वभाव देणारे कमल शेडगे यांनाही उशिरा का होईना, मान्यता मिळाली. परंतु परातीवर उभे राहून, लहानशा छायाचित्रावर चौकटी आखून, दोन मजली चेहरा रंगविणाऱ्या शेकडो कारागिरांची साधी यादीही कोठे नाही. त्यांचे फलक तर पुढच्या शुक्रवारी पांढरा रंग फासून पुन्हा वापरले जात. चालू शतकाच्या आरंभी फ्लेक्सची छपाई स्वस्त झाली आणि पिढीजात कौशल्य असलेले हे हात काही वर्षांतच रिकामे झाले.

जतनाची कहाणी याहून समाधानकारक नाही. रविवर्मा छापखाना १९७२ साली आगीत जळाला. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागून अमोल चित्रपट भस्मसात झाले. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पोस्टरांचा मोठा संग्रह केला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. आता ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे. तथापि एका संस्थेने सारा भार उचलावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. तमाशापटांची, ग्रामीण विनोदी चित्रपटांची, तालुक्याच्या तंबूत लागणाऱ्या खेळांची पोस्टरे गावोगावच्या बंद पडलेल्या चित्रपटगृहांत पडून आहेत. पुण्याच्या ‘विजयानंद’मध्ये १३१ आठवडे चाललेल्या ‘सांगत्ये ऐका’सारख्या चित्रपटाने मराठी मनावर केवढे राज्य केले! त्या काळातील प्रचारसाहित्य मात्र वाळवी आणि रद्दीवाला यांच्यात वाटले जात आहे. दरम्यान २००२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने भारतीय चित्रपट-पोस्टरांचे प्रदर्शन भरविले. जे येथे किलोच्या भावाने गेले, त्याचे मोल तेथे ओळखले गेले.

जुन्या पोस्टरांची सध्या एक हौस निर्माण झाली आहे. उपाहारगृहांच्या भिंतींवर त्यांच्या नव्या छपाईच्या प्रती मिरवितात. हौसेला हरकत नाही. पण हौस म्हणजे अभ्यास नव्हे. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी आपल्या जिल्ह्यातील एकेका चित्रपटगृहाची आणि छापखान्याची तपासणी विद्यार्थ्यांकरवी केली, कलाशाळांनी हयात असलेल्या वृद्ध पोस्टर-चित्रकारांच्या आठवणी नोंदविल्या आणि राज्य शासनाने या कागदांना दस्तऐवजाचा दर्जा देऊन जिल्हा ग्रंथालयांत कोरडी, सुरक्षित जागा उपलब्ध करून दिली, तर पुष्कळ काही वाचू शकेल. यास फार मोठा खर्च नाही. लागेल ती घाई. मोडी कागद तीनशे वर्षे टिकला, कारण तो हातकागद होता. पोस्टराचा स्वस्त कागद आंबट असतो. तो स्वतःच स्वतःला खात जातो आणि हात लावताच तुटतो. या संशोधनासाठी शंभर वर्षे थांबण्याची मुभा त्या कागदाने कोणालाही दिलेली नाही.