श्रीरामपूरची सनद

बंगालमधील श्रीरामपूर मराठी अभ्यासकास परके नाही. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण (१८०५) आणि मोडी लिपीत छापलेला कोश (१८१०) येथलेच. त्याच कॅरे यांनी मार्शमन व वॉर्ड यांच्यासह १८१८ मध्ये हुगळीच्या तीरावर महाविद्यालय स्थापिले. ख्रिस्ती व इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि पाश्चात्त्य विज्ञान एकत्र शिकविणे, हा त्याचा हेतू. १८३३ च्या नियमावलीने प्रवेशातील जातीचा अडसरही नाकारला. गाव तेव्हा डॅनिश अंमलाखाली होते. राजा सहावा फ्रेडरिक याने १८२७ मध्ये सनदेद्वारे पदवीदानाचा अधिकार दिला. १८४५ मध्ये गाव इंग्रजांना विकले गेले, तरी सनद टिकली.

मात्र अधिकार तब्बल ८८ वर्षे पडून राहिला. दरम्यान १८५७ मध्ये महाविद्यालय कलकत्ता विद्यापीठाशी जोडले गेले. १९१५ मध्ये सनदेनुसार पहिल्या पदव्या दिल्या गेल्या, त्या धर्मशास्त्राच्या. ज्या देशी वाङ्मयासाठी कॅरे झिजले, त्याच्या वाट्याला ही सनद आलीच नाही, हे खटकते. आजही एकाच आवारात धर्मशास्त्राचा विद्यार्थी श्रीरामपूरची पदवी घेतो, तर कला व विज्ञान शाखांचा विद्यार्थी कलकत्त्याची.