नळीतला श्वास आणि अडलेला शब्द

पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात काय किंवा चिंचवडला मोहननगरच्या कामगार विमा रुग्णालयात काय, पक्षाघाताच्या रुग्णाच्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: बोलायला कधी लागतील? रुग्णाच्या गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी असेल तर या प्रश्नाची दोन उत्तरे असू शकतात.

ही नळी स्वरयंत्राच्या खाली बसते. तिच्याभोवतीचा फुगा फुगवलेला असेपर्यंत उच्छ्वास नळीवाटेच निघून जातो, स्वरतंतूंपर्यंत हवा पोचत नाही. हा मुकेपणा निव्वळ यांत्रिक. फुगा उतरवून नळीच्या तोंडावर एकमार्गी झडप लावली, की श्वास नळीतून आत येतो आणि बाहेर पडताना स्वरयंत्रातून वर जातो. अशी एक झडप अमेरिकेतल्या डेव्हिड म्यूर या स्नायुविकाराने जखडलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या तरुणाने १९८०च्या दशकात स्वतःच्या गरजेपोटी शोधली. चाकणला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हाताळणाऱ्या फिटरला हे चित्र काढून दाखवावे लागणार नाही. फुगा फुगलेला असताना झडप लावली तर श्वास बाहेर पडायला वाटच उरत नाही, हेही त्याला चटकन कळेल.

दुसरा मुकेपणा मेंदूचा. बहुतेकांच्या डाव्या गोलार्धात भाषेची केंद्रे असतात. तिथे इजा झाली तर वाचाघात होतो आणि नळी काढली तरी शब्द परत येत नाही. म्हणून नळी असतानाच पाहायचे: ओठांनी नेमका शब्द आकारतो का? ‘डोळे मिटा’ म्हटल्यावर मिटतो का? हो-नाहीची खूण चुकत नाही ना? आणि हे रुग्णाच्या घरच्या भाषेत विचारायचे. या पट्ट्यातला कामगार बीडचा असतो तसा बिहारचाही. भोजपुरी बोलणाऱ्याने मराठी प्रश्नाला उत्तर दिले नाही, तर त्याला वाचाघात ठरवणे हा अन्यायच.

नळी लवकर बसवली म्हणजे रुग्ण लवकर सुधारतो, ही समजूतही तपासली गेली आहे. जर्मनी आणि अमेरिकेतल्या ३८२ गंभीर रुग्णांच्या चाचणीत (२०२२) सहा महिन्यांनंतरच्या अपंगत्वात लक्षणीय फरक दिसला नाही. नळी काढण्याची घाईही उपयोगाची नाही. आधी लाळ गिळता आली पाहिजे, जोराने खोकता आले पाहिजे. मग नळीचे तोंड बंद ठेवून पाहतात.

खरी ओढाताण नोकरीच्या कागदांवर होते. कामगार विम्याचा साधा आजारी-लाभ वर्षाला ९१ दिवसांचा. अर्धांगवायू विस्तारित लाभाच्या यादीत आहे, पण त्यासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी लागते. कंत्राटदार बदलताना जुना विमा क्रमांक पुढे न नेता नवा काढला गेला असेल, तर ही सलगता सिद्ध करायला घरातल्या कुणालातरी वेतनचिठ्ठ्या घेऊन खेटे घालावे लागतात. बहुधा त्याच व्यक्तीला, जी घरी नळीतला कफ ओढायला शिकलेली असते.