यजमान कुटुंबातले पहिले दिवस

परदेशी स्वयंसेवक भारतात येणे नवे नाही. अमेरिकेच्या पीस कॉर्प्सचे तरुण 1961 ते 1976 या काळात भारतातील खेड्यांत राहून शेती, कुक्कुटपालन, आरोग्य अशी कामे करत. रोटरीच्या युवा विनिमय योजनेत 15 ते 19 वर्षांची मुले परक्या देशात शैक्षणिक वर्ष घालवतात, बहुधा एकाहून अधिक कुटुंबांत राहून.

अशा पाहुण्याची खान्देशात पहिली गाठ पडते ती उन्हाशी. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांपुढे जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत येणे केव्हाही चांगले. तेव्हा घरोघरी भरीत असते: मोठी हिरवी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजून, मिरची-लसूण घालून केलेले, सोबत कळण्याची भाकरी. हाताने जेवायला पाहुणा लवकर शिकतो. आग्रहाला नको म्हणणे मात्र त्याला फार जड जाते.

भाषेचा धक्का त्याहून मोठा. पुस्तकातली मराठी शिकून आलेल्याच्या कानावर धुळे-साक्रीकडे अहिराणी पडते, यावल-रावेरकडे लेवा गणबोली. शिवाय एकांत मिळत नाही. शेजारीपाजारी सहज घरात येतात, पगार, लग्न, आईवडील सगळे विचारतात. ही आपुलकी आहे, हे यजमानांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगावे आणि पाहुण्याला पाहुण्यासारखे बसवून न ठेवता घरातले एखादे काम नेमून द्यावे.