एकदाचं संपू दे!

२०२५च्या मे महिन्यातली गोष्ट. सोलापुरात मुलामुलींची बुद्धिबळ स्पर्धा होती. माझी बारा वर्षांची नात सहा डावांत साडेपाच गुण करून सगळ्यांच्या पुढं होती. सातवा, म्हणजे शेवटचा डाव तेवढा उरला होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सभागृहाबाहेरच्या कट्ट्यावर तिच्या हातात दहीभाताचा डबा देत मी म्हणालो, "झालं की गं! आता एकच डाव. तासाभरात ट्रॉफी घेऊन घरी."

ते वाक्य मी बोलायला नको होतं.

तासाभरानं ती बाहेर आली ती मान खाली घालून. हरली नव्हती. समोरच्या मुलाकडं फक्त राजा उरला होता आणि हिच्याकडं वजीर नि एक प्यादं होतं. घड्याळात हिची अकरा मिनिटं शिल्लक होती. बुद्धिबळ नुकतं शिकलेलं पोरही इथून मात करेल. पण त्याचा राजा कोपऱ्यात शिरलेला पाहिला आणि हिनं वजीर झटकन त्या कोपऱ्यापासून घोड्याच्या चालीवर नेऊन ठेवला. राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. बुद्धिबळात याला स्टेलमेट म्हणतात आणि डाव बरोबरीत सुटतो. अर्धा गुण गेला, पहिला नंबर गेला, ट्रॉफी तिसरी मिळाली.

होटगीला येईपर्यंत गाडीत ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर पट आणि सोंगट्यांची पिशवी माळ्यावर टाकली. "मला नाही खेळायचं," एवढंच म्हणाली. तिच्या आईनं मला विचारलं, "काय झालं हो बाबा?" मी म्हणालो, "दडपण आलं." तेव्हा मला तसंच वाटलं होतं.

दडपण हा शब्द आपण फार ढोबळपणे वापरतो. परीक्षेत पेपर अवघड गेला, दडपण. मुलाखतीत जीभ अडखळली, दडपण. बुद्धिबळाच्या शेवटच्या फेऱ्यांत जे होतं ते मात्र भीतीहून थोडं निराळं आहे, असं मला त्यानंतरच्या दोन महिन्यांत वाटायला लागलं. त्याला निमित्त झाली नागपूरची दिव्या देशमुख.

जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमी या शहरात महिलांचा विश्वचषक रंगला. एकशे सात खेळाडू होत्या. मानांकनात दिव्या पंधरावी. वय एकोणीस. आपल्याकडं बुद्धिबळाच्या बातम्या क्रीडापानाच्या तळाशी छापून येतात, त्यामुळं सुरुवातीला कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. मग दुसरं मानांकन असलेली चीनची झू जिनर हिच्यापुढं पडली. त्यानंतर आपलीच द्रोणवल्ली हरिका. दोन्ही लढती जादा डावांपर्यंत ताणल्या गेल्या. उपांत्य फेरीत समोर होती माजी जगज्जेती तान झोंगयी. तिच्याशी जो डाव दिव्यानं जिंकला तो एकशे एक खेळ्या चालला. एकशे एक! घरी पत्त्यांचा एखादा डाव जरा लांबला तरी आपण "आता पुरे" म्हणून पानं टाकून उठतो.

अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी. दिव्याचा जन्म २००५च्या डिसेंबरातला. हंपी २००२ मध्ये, पंधराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झालेली. अडतीस विरुद्ध एकोणीस, म्हणजे बरोबर निम्मं वय. (हंपीची जन्मतारीख ३१ मार्च आहे. सारा जन्म बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला ही तारीख वाचली की आपोआप घाम फुटतो.) हंपीची उपांत्य लढतही सोपी गेली नव्हती. चीनच्या लेई तिंगजीविरुद्ध जादा डावांवर जादा डाव होत ती ५-३ अशी संपली होती.

अंतिम लढतीचे पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. त्यांतल्या पहिल्यात दिव्याला जिंकायची संधी आली होती, ती हुकली. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

जलद डाव होते सोमवारी, २८ जुलैला. पहिला श्रावणी सोमवार. नातीची शाळा अर्धी सुटली होती आणि ती आमच्याकडं आली होती. माझा उपवास. मी मोबाईल पाटाला टेकवून डाव लावला. "बघायचं असेल तर बघ," एवढंच तिला म्हणालो. ती जरा लांबच बसली, पण कान इकडंच होते.

हल्ली डाव बघताना पडद्याच्या कडेला एक काळीपांढरी पट्टी दिसते. कोण किती वरचढ आहे ते संगणक त्या पट्टीवर दाखवत असतो. ही पट्टी म्हणजे घरबसल्या रक्तदाब वाढवायचं यंत्र आहे. आपल्याला घोडा कुठं आहे तेही नीट दिसत नसतं, पण पट्टी हलली की आपण ओरडतो, "अगं, जिंकली ना!" ते खेळणाऱ्याला ठाऊकच नसतं. तिच्यापुढं फक्त पट, घड्याळ आणि समोर बसलेलं माणूस. मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं की मी दहीभाताच्या डब्यासोबत नातीच्या हातात ती पट्टीच दिली होती.

जलद डावात पंधरा मिनिटं आणि दर खेळीला वाढीव दहा सेकंद. पहिला डाव बरोबरीत. दुसऱ्यात हंपीकडं पांढरी मोहरी, दिव्याकडं काळी. सोंगट्या कमी होत गेल्या, हंपीचा वेळ घटत गेला आणि तिच्या हातून चूक झाली. पट्टी काळ्या बाजूला झुकली. मी ओरडलो. मग दिव्याकडूनही अचूक खेळी झाली नाही आणि पट्टी परत मध्यावर आली. जिंकत आलेला डाव हातातून निसटला होता.

नात जवळ सरकली होती. म्हणाली, "आजोबा, आता हिला कसं वाटत असेल?"

तिला कसं वाटत होतं हे मला काय ठाऊक! पण ती काय करत होती ते दिसत होतं. ती पुढची खेळी करत होती. तिच्या त्या खेळीत घाई नव्हती, राग नव्हता, मघाशी निसटलेलं परत मिळवायची धडपडही नव्हती. समोर जी स्थिती होती तिच्यात जे करता येईल ते ती करत राहिली. बऱ्याच खेळ्यांनंतर हंपीकडून आणखी एक चूक झाली. ती दिव्यानं सोडली नाही. डाव संपला, दिव्याला हुंदका आवरेना, आणि पुढं ती आईच्या गळ्यात पडली. ग्रँडमास्टर होण्यासाठी लागणारा एकही निकष गाठीशी नसताना ती स्पर्धेला गेली होती. परतली ती विश्वचषक, थेट ग्रँडमास्टर किताब आणि २०२६च्या आव्हानवीरांच्या स्पर्धेतलं स्थान घेऊन. भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर, महिलांत चौथी. नंतर तिनं सांगितलं ते मला फार आवडलं. आपल्याला डावाचा शेवट अजून नीट शिकायला हवा, मध्ये कुठंतरी आपण घोळ घातला, असं ती विश्वचषक जिंकल्यावर म्हणाली.

आता माझ्या दडपणाच्या मुद्द्याकडं येतो. शेवटच्या फेरीत खेळाडूला हरण्याची भीती असते, हे खरं. पण त्याहून बळकट असते ती "एकदाचं संपू दे" ही इच्छा. जिंकू, हरू, बरोबरी होवो, पण हे ताणलेपण संपू दे. आणि चुका त्या इच्छेच्या पोटी होतात.

१२ डिसेंबर २०२४ला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव चालू होता. गुकेश आणि डिंग लिरेन साडेसहा-साडेसहा गुणांवर. डाव जवळजवळ बरोबरीचा. गुकेशकडं एक प्यादं जास्त, पण एवढ्यावर जगज्जेता हरत नाही. पंचावन्नाव्या खेळीला डिंगनं हत्ती अशा घरात आणला की हत्तींची मारामारी व्हावी आणि पट मोकळा व्हावा. ती झालीच; पण पाठोपाठ उंटांचीही मारामारी करता येते आणि मग उरलेला डाव गुकेश जिंकतो, हे डिंगच्या ध्यानात आलं नाही. एवढ्या मोठ्या खेळाडूला न दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पट लवकर रिकामा व्हावा असं ज्याला वाटतं त्याला नेमकं तेवढंच दिसत नाही, असा माझा आपला तर्क. डिंगच्या मनात काय होतं ते डिंग जाणे.

जुने खेळाडू यावर एक उपाय करत. खेळी मनात ठरली की ती आधी कागदावर लिहायची, मग पटाकडं नव्यानं बघायचं, आणि काही घोळ दिसला नाही तरच सोंगटीला हात लावायचा. पुढं जागतिक संघटनेनं नियम बदलला. आता खेळी आधी करून मगच लिहावी लागते. नियम योग्यच असेल. पण त्या लिहिण्यात जो एक श्वास मिळत होता तो मात्र गेला.

तो श्वास मला बँकेत एका हेड कॅशियरनं शिकवला होता. मी नवा होतो. संध्याकाळी कॅश टॅली होईना. दोनशे रुपये कमी. शेवटची बस चुकणार म्हणून मी भराभर मोजत होतो आणि दर खेपेला वेगळाच आकडा येत होता. एकदा तर तीनशे जास्त! हेड कॅशियरांनी माझ्या हातातली गड्डी काढून घेतली, चहा मागवला आणि म्हणाले, "बस गेली असं समजा. आता मोजा." बस गेली असं समजल्यावर पैसे पहिल्या फटक्यात जुळले. दोन नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या. बस मात्र खरंच गेली.

एकट्याचं असं, तर संघाचं काय होत असेल? पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांना विचारायला हवं. २०२२मध्ये चेन्नईजवळ मामल्लपुरमला ऑलिंपियाड झालं तेव्हा भारताच्या महिला संघाचे ते कर्णधार होते. शेवटच्या फेरीपूर्वी संघ सर्वांच्या पुढं होता. शेवटच्या फेरीत अमेरिकेकडून ३-१ अशी हार झाली आणि सुवर्णाचं कांस्य झालं. माझ्या नातीचंच मोठ्या पटावरचं रूप. दोन वर्षांनी बुडापेस्टलाही कर्णधार तेच होते. पहिले सात सामने जिंकले, आठव्यात पोलंडकडून हरले, नवव्यात अमेरिकेशी बरोबरी. म्हणजे घसरण सुरू झाली म्हणायला हरकत नव्हती. दहाव्या फेरीत चीन. तीन डाव बरोबरीत आणि एकच निकाली. तो दिव्यानं जिंकला. अकराव्यात अझरबैजानचा साडेतीन-अर्धा असा पाडाव करून सुवर्ण मिळवलं. कर्णधार डाव चालू असताना खेळाडूला खेळी सुचवू शकत नाही. त्यानं फक्त तिथं असायचं. चेन्नईचा तो दिवस पाहिलेल्या माणसानं बुडापेस्टच्या शेवटच्या दोन दिवसांत तिथं नुसतं उभं राहायचं, हेही काही कमी अवघड नसणार.

होटगीच्या फलाटावर लहानपणी आम्हाला हे सगळं फुकट शिकायला मिळत होतं, पण तेव्हा कळलं नाही. मोठी लाईन इथून वाडीकडं जाते आणि विजापूर-गदगचा फाटा इथंच फुटतो. आता दोन्हीकडं ब्रॉडगेज आहे. तेव्हा गदगची गाडी मीटरगेजची आणि स्वतःच्या मर्जीची होती. क्रॉसिंगसाठी थांबली की थांबली. आमच्या शेजारी एक निवृत्त गार्ड राहायचे, सगळे त्यांना गार्डकाका म्हणत. लिंबाखालच्या बाकावर त्यांचा पट मांडलेला असे, देशी पद्धतीचा, प्यादं एकेकच घर चालवायचं. शाळकरी पोरांशी ते खेळत आणि आम्हाला हटकून हरवत. जिंकत आलो की मी चुळबुळ करायचो, उगाच शह द्यायचो. ते पटावरून नजर न काढता म्हणायचे, "पोरा, सिग्नलकडं टक लावून बसलं म्हणून गाडी लवकर येती व्हय?"

त्या सोमवारी डाव संपला तेव्हा अंधारून आलं होतं. आतून उपवास सोडायला हाक आली. मी उठलो तर नात स्टुलावर चढून माळ्यावरची पिशवी काढत होती. तिनं पट उलगडला आणि नुसत्या आठवणीवर मे महिन्यातली ती स्थिती मांडली. काळा राजा कोपऱ्यात. पांढरा वजीर हातात धरून ती बराच वेळ बसली.

"इथं ठेवला मी," ती म्हणाली. मग वजीर एक घर अलीकडं ओढला. "इथं ठेवला असता तर त्याला हलायला एक घर राहिलं असतं."

"मी त्या दिवशी ट्रॉफीचं बोललो ते चुकलं गं माझं," मी म्हणालो.

"हूं," ती म्हणाली. तिचं लक्ष पटावर होतं. "आता तुम्ही काळा राजा घ्या. आणि आजोबा, मध्ये बोलायचं नाही."

आतून दुसऱ्यांदा हाक आली. ताटं वाढून ठेवली होती. मी काळा राजा मोकळ्या घरात सरकवला आणि गप्प बसलो. तिनं वजिराला लगेच हात लावला नाही.