पिधान आणि मुद्रा : रुंद तोंडाच्या बरण्यांच्या धातूच्या झाकणांविषयीं

आंबेगांव तालुक्यांतील कळंब हें गांव पुणें-नाशिक रस्त्यावर मंचर व नारायणगांव यांच्या दरम्यान घोड नदीच्या कांठीं आहे. तेथील एका गृहस्थांच्या घरीं जन्मपत्रिकांच्या सहा गुंडाळ्या व मोडी लिपींतील चार लांबट कागद जपून ठेविलेले आहेत. कागद हातचा, घोटीव. जुन्नरास हातकागदाचा जो मोठा धंदा पूर्वीं चालत असे त्यांतलाच असावा असें आम्हांस वाटलें. गतवर्षीं आषाढांत ते आम्हांस दाखविण्यांत आले. घरांत वाळवी व कसर या दोहोंचाही उपद्रव असल्यामुळें कागद कशांत ठेवावे, असें यजमानांनीं विचारलें. आम्हीं बेधडक सांगितलें कीं, काचेची रुंद तोंडाची बरणी घ्यावी, म्हणजे गुंडाळी न चुरगळतां आंत जाईल व बाहेर येईल. आणि तिला धातूचें फिरकीचें झाकण घट्ट बसवावें, म्हणजे मुंगीलाही वाट मिळणार नाहीं.

आश्विनांत सरस्वतीपूजनास ती बरणी पोथ्यांबरोबर बाहेर काढली, तेव्हां झाकणाच्या आंतल्या अंगास पाण्याचे थेंब, कडेस गंज, आणि बाहेरच्या दोन गुंडाळ्यांवर हिरवट बुरशी असा देखावा दिसला. मोडी कागदांपैकीं एकाचा शेवटचा भाग, म्हणजे नेमका मितीचा व मोर्तबाचा, दमटपणानें चिकटला होता. तो सोडवितांना अक्षरें निघून गेलीं. त्या कागदाची नक्कल करून घेण्याची तसदी आम्हीं घेतली नव्हती. यजमान कांहीं बोलले नाहींत. त्यांच्या मातोश्री मात्र म्हणाल्या, "गुरुजी, आम्ही लोणच्याच्या बरणीलासुद्धां आधीं दादराच बांधतों. झाकण मागाहून."

या एका वाक्यानें आम्हांस झाकणाचा विचार करावयास लाविलें. आयुष्यभर शब्द शिकविणाऱ्यानें शब्दापासून आरंभ केल्यास वाचक क्षमा करतील.

संस्कृतांत झाकणास 'पिधान' म्हणतात. मूळ शब्द 'अपिधान', 'अपि' उपसर्गपूर्वक 'धा' धातूपासून झालेला. 'अव' व 'अपि' या उपसर्गांतील आद्य अकाराचा विकल्पानें लोप होतो हें भागुरीचें मत वैयाकरणांस परिचित आहेच. भोजनान्तींच्या उत्तरापोशनाच्या मंत्रांत हाच शब्द अकारासह जिवंत राहिला आहे. तेथें पाणी हेंच अन्नावरचें झाकण होय. परंतु पिधानानें केवळ आच्छादन होतें. त्याहून पुढची पायरी 'मुद्रण' अथवा 'मुद्रा' ही. आज मुद्रण म्हटल्यावर छापखाना डोळ्यांपुढें येतो. पण रसशास्त्राच्या ग्रंथांत पात्राचा सांधा लिंपून बंद करणें यासही हाच शब्द आहे. पिधान आणि मुद्रण यांतील हा भेद आमच्या लक्षांत आला असता तर तो कागद वांचता.

रुंद तोंड बंद करणें ही जुनी अडचण आहे. कळंबाजवळून वाहणारी हीच घोड नदी पुढें शिरूर तालुक्यांत इनामगांवापाशीं जाते. तेथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तींत लहान मुलांस पुरतांना दोन रुंद तोंडाचीं मडकीं आडवीं ठेवून तोंडास तोंड लावीत असत. एक मडकें दुसऱ्याचें झाकण, व दोन्ही मिळून एक पेटी. सांधा बसविण्याची विद्या नव्हती असें नव्हे; सारख्या व्यासाचीं दोन तोंडें समोरासमोर आणलीं कीं बरेंचसें काम होतें, हें त्या लोकांस ठाऊक होतें.

सोपाऱ्याच्या स्तूपांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं जें निधान सांपडलें, त्यांत निराळी युक्ति दिसते. दगडी पेटींत तांब्याचा करंडा, त्यांत रुप्याचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा व त्यांत सोन्याचा. आणि सोन्याच्या करंड्यांत मातीच्या पात्राचे तेरा बारीक तुकडे. त्या निधानाचें दर्शन मुंबईच्या एशियाटिक सोसायटीमुळें आजही घडतें. येथें कोणतेंही एक झाकण निर्वात असावें असा आग्रह नाहीं. एकांत एक अशीं पांच-सहा झाकणें आलीं म्हणजे बाहेरच्या हवेचा फेरफार आंतपर्यंत पोहोंचतां पोहोंचतां मंदावतो. पोथीला रुमाल, रुमालाला फळ्या, फळ्यांना दोरी व सर्वांस पेटी, ही आपल्याकडील पद्धतिही त्याच जातीची. तिला आम्ही आजवर केवळ सोवळेपणा समजत होतों.

रसशास्त्रकारांस मात्र खरें मुद्रण हवें होतें, कारण पाऱ्याची वाफ सांध्यांतून निसटली तर सारें कर्मच फुकट. रसरत्नसमुच्चयांत सांध्यास लावावयाचे दोन लेप सांगितले आहेत. पाण्याशीं संबंध येतो तेथें जलमृत्तिका : बाभळीच्या सालीच्या काढ्यांत मंडूर, म्हणजे जुन्या लोखंडाचें कीट, गूळ व चूर्ण हीं घोटून केलेली. अग्नीशीं संबंध येतो तेथें वह्निमृत्तिका : खडू, मीठ व कीट म्हशीच्या दुधांत घोटून. पहिल्या लेपांतील 'गुडचूर्ण' या समासाचा अर्थ 'गुळाची पूड' असा करण्याचा मोह होतो. आमच्या मतें येथें चूर्ण म्हणजे चुना. गूळ कुटून त्याची पूड काय करणार? उलट गूळ व चुना एकत्र केल्यास दगडासारखें घट्ट होणारें मिश्रण तयार होतें. तें आपल्या कित्येक जुन्या बांधकामांत सांपडतें. बाभळीचा तुरटपणा व लोखंडाचें कीट यांचें काळें जमतें हेंही शाई करणाऱ्यांस सांगावयास नको.

या लेपांत दोष एकच, कीं ते एकदां फोडले म्हणजे संपले. काशीहून येणाऱ्या गंगेच्या गडूचेंही तसेंच. तांब्याच्या गडूच्या तोंडास डाग देऊन तें कायमचें बंद करीत. उघडण्याचा प्रसंग घरांत एकदांच येई. जें झाकण रोज काढावें, रोज लावावें, आणि तरी प्रत्येक वेळीं मुद्रेसारखें बसावें, तें करणें ही खरी अवघड गोष्ट.

आपल्याकडे तिचें उत्तर फिरकीच्या तांब्यानें दिलें. पितळी तांब्या, गळ्याशीं मळसूत्राचे आटे, त्यावर फिरणारें झाकण; प्रवासांत सोवळ्याचें पाणी नेण्यास हें पात्र घरोघर असे. आमच्या आजोबांचा तांब्या अद्याप आमच्यापाशीं आहे. तो उभा ठेविला तर ठीक. आडवा केला कीं आट्यांतून थेंब थेंब गळूं लागतो. आजोबा झाकणाखालीं ओल्या फडक्याची चिंधी घालीत. लहानपणीं तो आम्हांस त्यांचा विक्षिप्तपणा वाटे. वस्तुतः त्या चिंधींतच झाकणविद्येचें सार होतें. धातूवर धातु कितीही घोटून बसविला तरी त्यांमध्यें केसाएवढ्या फटी राहतातच. धातूचें काम दाबण्याचें. हवा अडविण्याचें काम मधल्या मऊ पदार्थाचें. झाकण म्हणून आपण जें पाहतों तो वास्तविक एक चिमटा होय.

पश्चिमेकडेही हें कळण्यास वेळ लागला. फ्रान्सांत निकोलस आपेर यानें अन्न शिजवून बाटल्यांत टिकविण्याची रीत १८१० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्याची सर्व भिस्त बुचावर होती. रुंद तोंडास एकाच तुकड्याचें बूच चालेना, म्हणून तो बुचाचे तुकडे सरसानें जोडून घेई. न्यूयॉर्कच्या जॉन मेसन यानें १८५८ च्या नोव्हेंबरांत काचेच्या बरणीवर आटे पाडून त्यावर जस्ताचें झाकण बसविण्याचा हक्क नोंदविला. त्यांतील मर्म असें कीं, आटे खांद्यापर्यंत न नेतां वरच्या वर विरूं दिले, म्हणजे झाकण आट्यावर न अडकतां थेट खांद्यावरच्या रबरी कड्यास जाऊन भिडतें. जस्त अन्नास बाधूं लागलें, म्हणून लुई बॉइड यानें १८६९ त झाकणाच्या आंतून पांढऱ्या काचेचें अस्तर दिलें. १९१५ च्या सुमारास अलेक्झांडर कर याच्या बरण्यांस दुहेरी झाकण आलें : कडेस मऊ थर असलेली एक सपाट चकती, व तिला धरून ठेवणारें आट्यांचें निराळें कडें. दाबणारा निराळा, अडविणारा निराळा, असा हा श्रमविभाग.

आतां रुंद तोंडासच एवढी अडचण कां, तें सांगतों. ३ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचें क्षेत्रफळ सुमारें ७ चौरस सेंटिमीटर. ७ सेंटिमीटर व्यासाचें सुमारें साडेअडतीस. परीघ मात्र साडेनऊवरून बाविसावर जातो, म्हणजे सव्वादोनपटच. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास ढोबळ मानानें १ किलो धरला तर, आंतली अर्धी हवा काढलेल्या रुंद बरणीच्या झाकणावर सुमारें १९ किलोंचें ओझें बसतें. तें वरून खालीं असल्यामुळें झाकण आपोआप घट्ट होतें. मुरंबा गरम असतां भरून झाकण लाविलें कीं आंतली वाफ थिजते व हवाच झाकण धरून ठेवते. आटे तोंवर नुसते निमित्तमात्र. परंतु बरणींत कोरडे कागद ठेविले तर आंत निर्वातता मुळींच नसते. उलट दिवसा ऊन व रात्रीं गारवा यांत वीस अंशांचा फरक पडला तर आंतल्या हवेचा दाब सुमारें सात टक्क्यांनीं वरखालीं होतो, आणि त्या साडेअडतीस चौरस सेंटिमीटरांवर अडीच किलोंचा जोर एकदां बाहेर, एकदां आंत असा पडत राहतो. मऊ चकती थोडी जरी जुनी झाली असेल तरी बरणी श्वास घेऊं लागते. पावसाळ्यांत ती प्रत्येक रात्रीं जो श्वास आंत घेते तो ओला असतो.

हल्लीं बाजारांत मिळणाऱ्या मुरंब्याच्या किंवा लोणच्याच्या बरणीचें झाकण हातीं घेऊन पाहावें. पातळ कथलाई पत्रा. कड आंत वळवून गोल केलेली, म्हणजे पत्र्यास ताठरपणा येतो व बोट कापत नाहीं. मधोमध वलयें उठविलेलीं. सपाट रुंद पत्रा जोर पडतांच लवला असता, तो या वलयांनीं संभाळला जातो. संपूर्ण आट्यांऐवजीं कडेस चार किंवा सहा दांत असतात. तोंड जितकें रुंद तितके दांत अधिक, म्हणजे दाब सर्व बाजूंनीं सारखा पडतो व पाव फेऱ्यांत झाकण बसतें. आंतल्या खोबणींत मऊ थर ओतलेला. कित्येक झाकणांच्या मध्यावर एक लहान फुगवटा असतो. आंत निर्वातता असेतोंवर तो खालीं ओढलेला राहतो, आणि झाकण पहिल्यानें उघडतांच टक् असा आवाज करून वर येतो. हा फुगवटा म्हणजे मोर्तबच. पत्राच्या शेवटीं मोर्तब करीत तें पुढें कोणीं मजकूर घुसडूं नये म्हणून. कौटिल्यानें शुल्काध्यक्षाच्या प्रकरणांत मालावरील मुद्रेचा विचार केला आहे तोही अशाच हेतूनें. मुद्रा चोरास अडवीत नाहीं; चोर येऊन गेला एवढें सांगते. असलें झाकण कागदांसाठीं पुन्हां वापरतांना ध्यानांत ठेवावें कीं, त्याची मुद्रा केव्हांच फुटलेली असते; उरतें तें पिधान.

कळंबच्या बरणीचें काय झालें तें आतां उघड आहे. आषाढांतला कागद हवेंतील पाणी पिऊन बसलेला होता. आम्हीं तें पाणी त्याच्यासह कोंडलें. भिंतीलगतच्या फडताळांत रात्रीं काच व पत्रा गार पडे, आणि कागदानें दिवसा सोडलेली वाफ झाकणाखालीं थेंब होऊन जमे. हवेंतील आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० च्या वर टिकली कीं बुरशी धरते. बंद बरणींत ती त्याहून पुष्कळच वर गेली असणार. मातोश्रींचा दादरा कीड अडवितो आणि वाफ सोडतो. कागद निदान कोरडा होईपर्यंत त्यासही तोच हवा होता.

संग्राहकांपैकीं ज्यांस बरणीच वापरावयाची असेल त्यांनीं ती माघ-फाल्गुनांत, कोरड्या हवेच्या दुपारीं भरावी, पावसाळ्यांत कदापि नाहीं. आंत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी. कळीचा चुना पाणी शोषतो खरा, पण त्याची धूळ कागदावर बसते व ओल लागल्यास तो तापतो, तो टाळावा. वेखंडाचे तुकडे खुशाल घालावे, मात्र ते किडीसाठीं. ओलीवर त्यांचा उपाय नाहीं. झाकणांतील काळ्या रबरांत गंधक असतें. त्यानें रुप्याचीं नाणीं काळीं पडतात, म्हणून नाणीं व रुप्याच्या मुद्रा अशा बरणींत ठेवूं नयेत. मुरंब्याच्या झाकणांतील मऊ थरही वर्षानुवर्षें कागदाशेजारीं राहण्याच्या योग्यतेचा नसतो. त्याऐवजीं सिलिकोनची चकती कापून बसवावी. झाकणाची परीक्षा सोपी आहे : रिकाम्या बरणींत रंग बदलणारे निळे सिलिका जेलचे दाणे घालून ती श्रावणभर ठेवावी. दाणे निळे राहिले तर झाकण विश्वासू; गुलाबी झाले तर त्यांत मेतकूट भरावें. आणि काहींही बंद करण्यापूर्वीं नक्कल करावी.

उरलेले तीन मोडी कागद आम्हीं गेल्या फाल्गुनांत उतरून घेतले आहेत. ते व पत्रिका आतां रुमालांत गुंडाळून लांकडी पेटींत, भिंतीपासून हातभर दूर ठेविल्या आहेत. चौथ्या कागदाची मिति लागण्याचा संभव अगदींच नाहीं असें नाहीं, कारण त्यांतील व्यवहाराची दुसरी प्रत समोरच्या पक्षाच्या दप्तरांत गेली असली पाहिजे. जुन्नर अथवा आंबेगांव भागांतील कोणा संग्राहकापाशीं कळंबच्या जमिनीसंबंधीं मोडी कागद असतील तर त्यांनीं नक्कल पाठवावी. फिरकीचे जुने तांबे असल्यास आट्यांची संख्या, तोंडाचा व्यास, व झाकणाखालीं कांहीं मऊ घालण्याची खोबण आहे किंवा नाहीं, एवढें कळविल्यास आम्ही आभारी होऊं.