कोरी जागा

सकाळी 7.20
बंगळुरूच्या जयदेव हॉस्पिटल स्थानकावरून पिवळ्या मार्गिकेची मेट्रो पकडते. ऑगस्ट 2025 मध्ये ही गाडी सुरू झाली आणि सिल्क बोर्डाच्या चौकात अडकून पडणं संपलं. शेवटचं स्थानक बोम्मसंद्रा. तिथे उतरणाऱ्यांत गळ्यात ओळखपत्र अडकवलेले आम्ही असतो आणि एक्स-रेची मोठी पाकिटं छातीशी धरलेले पेशंटचे नातेवाईक. ते नारायणा हेल्थ सिटीकडे वळतात. कितीतरी जण बंगालीत बोलत असतात, दोन दिवसांचा प्रवास करून आलेले. मी औद्योगिक वसाहतीच्या बाजूला जाते.

8.30
मी मिरजेची, फार्मसी शिकलेली. औषधाचा त्रास झाला असं कुणी कळवलं की त्या कागदाची ‘केस’ बनवणं हे माझं काम. पेशंट कोण, कळवणारा कोण, औषध कोणतं, त्रास कोणता, एवढ्या चार गोष्टी असल्या की केस ग्राह्य धरायची. कागद हाती आला तो दिवस शून्य. परिणाम गंभीर असेल आणि माहितीपत्रकात नोंदलेला नसेल, तर केस 15 दिवसांत नियामकांपर्यंत पोचायला हवी. थॅलिडोमाइडची किंमत मोजून जग हे शिकलं. 1961 मध्ये ते औषध मागे घेतलं जाईपर्यंत हजारो बाळं आखूड हातापायांनी जन्मली होती. वेगवेगळ्या डॉक्टरांनी पाहिलेलं एका ठिकाणी जमा व्हायला तेवढा वेळ गेला. आपल्याकडे 2010 पासून औषधसुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचं काम गाझियाबादहून चालतं आणि पेशंटनं स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो.

9.15
सकाळच्या केसेस इंग्रजीतल्या. नावं-पत्ते झाकून कागद भाषेच्या मॉडेलकडे जातो. मॉडेल कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, बाहेर काही जात नाही. चाळीस पानी डिस्चार्ज समरीतून तारखा, डोस, रक्ताचे रिपोर्ट वेचून ते नॅरेटिव्हचा, म्हणजे केसच्या हकिकतीचा, कच्चा मसुदा समोर ठेवतं. याच कामाला पूर्वी माझा तास जायचा. ही सोय मला मनापासून हवी आहे. वाचलेला वेळ मी मूळ कागद दुसऱ्यांदा वाचण्यात घालवते.

11.00
आज एक मराठी कागद आहे, सांगली बाजूच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलेला. (ओळख पटेल असं सगळं मी इथे बदललं आहे.) मधुमेहाची नवी गोळी घेणाऱ्या आजी, लिहिणारा नातू. ‘गोळी सुरू केल्यापासून आजीच्या हातापायाला मुंग्या येतात. जीव घाबरा होतो. परवा अंगावर पित्त उठलं.’

तीन वाक्यं. त्यांचं मेडड्रा या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दसूचीत कोडिंग करायचं. ऐंशी हजारांहून अधिक नोंदींतून नेमकी एक निवडायची.

मॉडेलनं ‘मुंग्या येणं’साठी ‘फॉर्मिकेशन’ सुचवलं. म्हणजे अंगावर किडे-मुंग्या चालत असल्याचा भास. आजींसाठी हवं होतं ‘पॅरेस्थेशिया’, म्हणजे झिणझिण्या. ‘पित्त उठलं’चं त्यानं अपचन केलं. आपल्याकडे पित्त होतं ते पोटात आणि पित्त उठतं ते कातडीवर, लाल गांधी येतात, प्रचंड खाजतं. मिरजेच्या कुठल्याही घरात हा फरक पोराला कळतो. पण अर्टिकेरिया, म्हणजे हेच कातडीवरचं पित्त, औषधाच्या ॲलर्जीची खूण असू शकते, आणि अपचन म्हणून नोंदलं गेलं की ती खूण गर्दीत बुडून जाते. अशा शंभर आजी वेगवेगळ्या गावांतून हेच सांगत असतील, तरी आकड्यांत ॲलर्जी दिसणारच नाही. या विचारानं मला खरोखर अस्वस्थ व्हायला होतं.

दोन्ही कोड दुरुस्त केले, कारण लिहिलं. मॉडेलच्या पुढच्या चाचणीसाठी आम्ही अशा शब्दप्रयोगांची वही ठेवली आहे: डोळ्यापुढे अंधारी, अंगात कसकस, पोटात कालवणं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम तशीच कन्नडची वही भरतात.

राहिला ‘जीव घाबरा’. मॉडेलचं उत्तर ‘अँक्झायटी’. मला ते पटेना, पण स्वतःचंही उत्तर सापडेना.

दुपारी 1.10
डबा खाताना आईला फोन. पेशंटबद्दल अवाक्षर नाही, फक्त शब्द विचारला. “आई, जीव घाबरा होतो म्हणजे नेमकं काय गं?”

“छातीत धडधडतं, कोंडल्यासारखं होतं. उन्हातून चालत आलं की होतं ना? आणि तुझ्या आजीची साखर उतरली की ती हेच म्हणायची. मग आम्ही गूळ द्यायचो. का, तुला होतंय का काही?”

“मला नाही. कामातलं आहे.”

“जेवलीस का?”

साखर उतरणं. मधुमेहाच्या गोळीवर असलेल्या बाईसाठी या शक्यतेचं वजन केवढं!

3.00
मसुदा पुन्हा वाचला. शेवटच्या परिच्छेदात स्वच्छ इंग्रजीत एक वाक्य: औषध थांबवल्यावर लक्षणं कमी झाली. याला आम्ही डिचॅलेंज म्हणतो. औषधानंच त्रास झाला का, हे ठरवताना त्याला मोठा भाव असतो. नातवाच्या कागदात गोळी थांबवल्याचा उल्लेखच नाही. मॉडेलनं हजारो नॅरेटिव्हची घडण पाहिली आहे, त्यांत शेवटी असं वाक्य येतं, म्हणून इथेही आलं. मुंग्यांची चूक कुणीही मराठी माणूस पकडेल. हे वाक्य मात्र इतकं नीट बसलं होतं की दमलेल्या डोळ्यांनी ते तसंच पुढे गेलं असतं. ते खोडलं आणि रकान्यात ‘माहिती नाही’ नोंदवलं.

नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवते. मसुदा मूळ कागदाशी ओळीला ओळ लावून वाचायचा, आणि कागदात जे नाही त्याची जागा कोरी ठेवायची. कोरी जागा दिसली की कुणीतरी प्रश्न विचारतं.

4.20
डॉक्टरांना क्वेरी, मराठीतच. त्या वेळी साखर तपासली होती का? घाम, थरथर? गोळी चालू आहे की बंद? पित्त किती वेळ राहिलं, ओठ-डोळे सुजले होते का?

5.50
निघता निघता उत्तर आलं. ‘आजी गुरुवारी येतात, समोर बसवून विचारतो. गोळीचं पाकीटही आणायला सांगतो.’

कागद कंपनीत आला त्या दिवसापासून आज दिवस चौथा. केस उघडी ठेवली, गुरुवारची आठवण लावली आणि स्थानकाकडे निघाले.