कारंज्याचा कापूसबाजार : नियंत्रित बाजारपेठेचा आरंभ

शेअरबाजार आणि शेतमालाचा बाजार या वरवर पाहता भिन्न संस्था होत. तथापि सौदा कोणी करावा, भाव कसा ठरावा आणि तंटा कोणी तोडावा, हे तीन प्रश्न उभयतांस समान आहेत. मुंबईच्या दलालांनी त्यांचे उत्तर स्वतःच शोधले. झाडाखाली भरणाऱ्या त्यांच्या बाजारातून 1875 मध्ये दलालांची संघटना उदयास आली आणि 1899 मध्ये दलाल स्ट्रीटवर तिची स्वतःची वास्तू झाली. वऱ्हाडात मात्र हीच शिस्त राज्यसत्तेने घालून दिली. सध्याच्या वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील कापूसबाजार 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये नियंत्रणाखाली आला. देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून त्याचा निर्देश केला जातो.

या घटनेची पार्श्वभूमी सागरापलीकडील आहे. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडी कापसास अपूर्व भाव आला. त्याच पैशावर मुंबईत शेअरांचा उन्माद माजला, व युद्ध संपताच तो कोसळला. 1867 मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला. 1870 मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. रिव्हेट-कार्नॅक यांच्यासारखे कापूस-आयुक्त कापसाची शुद्धता व वाहतूक यांवर लक्ष ठेवू लागले. यावरून बाजारनियंत्रणाचा उगम केवळ शेतकऱ्याच्या कळवळ्यात नव्हता, हे उघड आहे. गिरणीस निर्भेळ माल वेळेवर मिळावा, ही त्यामागील प्रबळ प्रेरणा होती.

अनियंत्रित बाजारातील व्यवहार कसा चाले, हे पाहिल्यास नियमांचे मर्म कळते. शेतकरी बंडी भरून बाजारात येई व अडत्याकडे उतरे. पुष्कळ बाजारांत भाव रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी ठरे. मालाच्या धन्यास तो शेवटी कळे. त्यानंतर अडत, दलाली, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा कपाती होत. माल उतरवून घेताना प्रतीविषयी कुरकूर निघाली, म्हणजे ठरलेला भावही खाली येई. रिकामी झालेली बंडी पुन्हा भरून परत नेणे शेतकऱ्यास शक्य नसे. शिवाय अनेकदा तो त्याच व्यापाऱ्याचा ऋणकोही असे. सारांश, दोष केवळ व्यक्तींच्या अप्रामाणिकपणात नव्हता. सौद्याच्या क्रमातच एक पक्ष दुर्बळ होत होता.

1897 च्या वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजार कायद्याने या व्यवस्थेस व्यापक रूप दिले. विशिष्ट स्थळ बाजार म्हणून जाहीर करावे, त्यावर समिती नेमावी, दलाल व मापारी यांस परवाने द्यावेत, शुल्क ठरवावे आणि परवानगीवाचून जवळपास दुसरा बाजार भरू देऊ नये, ही त्याची मुख्य सूत्रे होत. मुंबईच्या बाजारास सभागृह लागले. येथे लागले ते बंड्या उभ्या राहतील असे मोकळे आवार आणि सर्वांच्या दृष्टीसमोर असलेला काटा. सभोवार जिन व प्रेस उभे राहिले. विसाव्या शतकात मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्गही कारंज्यावरून गेला.

या कायद्यात एक मोठे वैगुण्य होते. समितीत प्रामुख्याने व्यापारी असत. ज्याचा माल, त्या शेतकऱ्यास तेथे स्थान नव्हते. 1917–19 च्या भारतीय कापूस समितीने वऱ्हाडी पद्धतीचा पुरस्कार केला. परंतु 1928 च्या शाही कृषी आयोगाने शेतकरी प्रतिनिधित्वाच्या अभावावर बोट ठेवले. 1927 च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने ही उणीव भरून काढण्याचा मार्ग दाखविला. 1932 मध्ये मध्य प्रांतानेही कापूस बाजाराचा नवा कायदा केला. पुढे महाराष्ट्राच्या 1963 च्या कृषि उत्पन्न पणन कायद्याने शेतकरी प्रतिनिधींस समितीत बहुमत दिले. कारंज्याच्या आदेशापासून येथवर येण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ लागला.

1972 पासून सुमारे तीन दशके राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना राहिली. त्या काळात कापसाच्या खुल्या लिलावास वावच उरला नाही. योजना मागे पडल्यावर बाजारसमित्यांचे महत्त्व पुन्हा वाढले. 1998 मध्ये अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हा वारसा त्याच्याकडे आला.

कारंज्याच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण महत्त्वाचा आहे. खरे वजन, उघड भाव आणि ठरीव कपात एवढे नियमांनी साधता येते. परंतु चांगल्या भावाची वाट पाहण्याची शक्ती नियमांतून येत नाही. ती गोदाम व स्वस्त कर्ज यांतून येते. शेअरबाजारातील विक्रेता आपला कागद पेटीत ठेवून थांबू शकतो. देणेकऱ्याचा तगादा मागे असलेल्या शेतकऱ्यास बंडीतील कापूस त्याच दिवशी विकावा लागतो. बाजाराची शिस्त आणि विक्रेत्याचे सामर्थ्य या दोन स्वतंत्र गोष्टी होत. पहिलीचा आरंभ कारंज्यास 1886 मध्ये झाला, दुसरीचा प्रश्न त्या आदेशाच्या कक्षेबाहेरच राहिला.